कुलूपबंद कक्षातली तालीम

आपल्या शाळांच्या माहितीपत्रकात एक ओळ हमखास असते : 'सुसज्ज संगणक कक्ष'. जुन्या नाशकात जा, वडाळ्यात जा, मालेगावात जा. कक्ष असतो आणि त्याला कुलूप असते. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. आत दहा-बारा मशिनी, त्यांवर शिवून घेतलेले कापडी गलेफ, भिंतीवर अल-ख्वारिज्मीचे चित्र किंवा नाव. मुलांना आठवड्यातून एक तास, तोही चपला बाहेर काढून. त्या तासात मुले 'इनपुट उपकरणे कोणती?' या प्रश्नाचे उत्तर फळ्यावरून वहीत उतरवून घेतात. हा तास वीज नसतानाही तसाच झाला असता.

या कक्षात मुलांना खेळू द्या, गेम बनवू द्या, चित्रे काढू द्या, कार्टून हलवू द्या, असे म्हटले की संचालक मंडळी दचकतात. 'गेम? शाळेत? अहो, घरी मोबाइलवर दुसरे काय करतात ही पोरे! आता तुम्ही फी घेऊन तेच शिकवणार का?' पालकही माना डोलावतात. या आक्षेपाला उत्तर द्यायलाच हवे, कारण तो खोट्या काळजीतून आलेला नाही. भद्रकालीच्या गल्लीत रात्री अकरा वाजता ओट्यावर बसून चार-चार पोरे एका फोनमध्ये डोके घालून बसलेली कोणी पाहिली नाहीत? 'असर'च्या 2024 च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत 14 ते 16 वयाच्या मुलांना विचारले, मागच्या आठवड्यात फोनवर काय केले? अभ्यासाशी संबंधित काही केले असे सांगणारी 57 टक्के होती. समाजमाध्यमे वापरणारी 76 टक्के. शहरातल्या मोहल्ल्यात चित्र याहून फार पवित्र असेल असे मानायचे कारण नाही.

म्हणजे मुलाच्या हातात यंत्र आले आहेच. प्रश्न एवढाच आहे की ते यंत्र त्याला खेळवणार की तो यंत्राला. ओट्यावरच्या गेममध्ये नियम दुसऱ्याने ठरवलेले असतात. मुलगा कधी थकेल, कधी त्याला चमचमते बक्षीस दाखवायचे, कधी वडिलांच्या खात्यातून पैसे काढायला लावायचे, याचा हिशोब करणारे लोक पगारी असतात. वर्गात मी म्हणतो तो गेम मुलाने स्वतः बनवलेला असतो, आणि म्हणून त्याचे नियमही त्यालाच ठरवावे लागतात. ज्याने एकदा स्वतः गुण मोजणारा आणि 'हरलास' म्हणणारा गेम बांधला, त्याला ओट्यावरच्या गेमची लबाडीही लवकर दिसते. उपदेशाने जे साधत नाही ते इथे काही अंशी साधते.

हे काही कालचे खूळ नाही. 1967 मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन, वॉली फॉयरझाइग या मंडळींनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली. त्यात एक कासव असते. त्याला 'पुढे जा', 'वळ' असे सांगितले की ते मागे रेघ सोडत चालते. पुढे 2007 मध्ये 'स्क्रॅच' आले. त्यात आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. ठोकळे एकमेकांत अडकवायचे आणि मांजर चालू लागते. फुकट आहे, एकदा मशिनीत घातले की इंटरनेटशिवाय चालते. चित्रांसाठी 'टक्स पेंट' आहे. 2002 पासून ते मोफत मिळते आणि स्वयंसेवकांनी शंभराहून अधिक भाषांत नेले आहे. लहानांसाठी 'जीकॉम्प्रिस', भूमितीसाठी 'जिओजेब्रा'. यातले बहुतेक सारे त्या गलेफाखालच्या जुन्या मशिनीवरही चालेल. म्हणजे 'पैसे नाहीत' हे उत्तर निदान सॉफ्टवेअरच्या बाबतीत देता येत नाही.

कासवाचे उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच आपल्या शिक्षकांचे घोडे अडते. सहावी-सातवीच्या मुलाला चौकोन काढायला सांगा : 50 पावले पुढे, 90 अंश उजवीकडे, असे 4 वेळा. जमते. आता म्हणा, समभुज त्रिकोण काढ. मुलाने पुस्तकात पाठ केलेले असते की त्याचा प्रत्येक कोन 60 अंशांचा. तो 60 घालतो, तीनदा चालवतो, आणि त्रिकोण मिटतच नाही. कासव भलत्याच दिशेला जाऊन उभे राहते. तीनच्या जागी सहा केले तर षटकोन उमटतो! मुलगा पडद्याकडे पाहतो, मग उठून स्वतः फरशीवर चालून बघतो. आपण वळतो तो आतल्या कोनाने वळत नाही, बाहेरच्या कोनाने वळतो, म्हणून 120. कोणी सांगितलेले नसते, त्याला सापडलेले असते. आपल्या भूमितीच्या तासाला 'बाह्यकोन' ही व्याख्या असते, दोन गुणांची. इथे ती पायाखाली येते. आणि चूक झाली म्हणून कान पिळणारे कोणी नसते. कासव चुकले, दुरुस्त करा, पुन्हा चालवा. आपल्या वर्गात चुकीची इतकी भीती आहे की मुले उत्तर येत असूनही हात वर करत नाहीत. ती भीती घालवायला यापेक्षा स्वस्त साधन मला माहीत नाही.

एक पायरी पुढे. 135 अंश वळायचे, 8 वेळा : आठ टोकांचा तारा उमटतो. तोच तारा बाजूबाजूला मांडत गेलात तर मशिदीच्या जाळीची नक्षी तयार होते. काही बुजुर्ग सजीवांची चित्रे मुलांनी काढण्याबद्दल नाराज असतात. त्यांच्याशी मी इथे वाद घालत नाही. त्यांना एवढेच विचारतो, तारे, जाळ्या, वेलबुट्टी, खत्ताती यांना तरी तुमची हरकत नाही ना? मग तीही शाळेत का नाही? आपल्या पूर्वजांनी भूमितीतून सौंदर्य उभे केले हे आपण जलशात अभिमानाने सांगतो, आणि त्याच शाळेतल्या मुलाला कंपासपेटी फक्त परीक्षेच्या दिवशी उघडायला लावतो. अल-ख्वारिज्मीच्या नावावरून 'अल्गोरिदम' शब्द आला हे भाषणात सांगण्यात आपण पटाईत आहोत. त्याच्या चित्राखालचे कुलूप मात्र निघत नाही.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण सगळा दोष बुजुर्गांचा नाही. आज शाळाशाळांत 'स्मार्ट क्लास' नावाचा मोठा चकचकीत पडदा भिंतीवर चढतो आहे. विकणारा माणूस येतो, दोन व्हिडिओ दाखवतो, एक प्रश्नमंजुषा चालवतो. बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज, चुकीला भोंगा. याला तो 'गेम बेस्ड लर्निंग' म्हणतो. माझ्या मते ही जुनीच घोकंपट्टी आहे, फक्त तिला बॅटरी लावली आहे. चाळीस मुले पडद्याकडे बघत बसतात आणि पडद्याला हात लावण्याचा मान हुशार मुलाला किंवा पाहुण्यांना मिळतो. कोविडच्या दिवसांत तर सहा वर्षांच्या पोराने कोडिंग शिकले नाही तर तो आयुष्यातून उठेल अशा थाटाच्या जाहिराती सुरू होत्या. मालेगावातल्या लूम कामगाराने त्या पाहून पोटाला चिमटा काढला असता तरी त्याला ते वर्ग परवडले नसते. हा बाजार आणि मी सांगतो ते शिक्षण यांचा एकमेकांशी संबंध नाही. बाजाराला घाबरून शिक्षण नाकारणे म्हणजे भेसळीच्या भीतीने दूधच बंद करणे.

नुसती यंत्रे वाटूनही काही होत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. पेरू देशाने 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' म्हणत आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. 2012 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला : गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. शिक्षकाने वर्गात काय करायचे ते बदललेच नव्हते. याच मोहिमेतला भारतातला पहिला प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला, 2007 मध्ये, रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वाडीतल्या शाळेत. एक शिक्षक आणि सगळ्या इयत्ता एकत्र. मुले त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर चित्रे काढत, आवाज टिपत, फोटो घेत. तो प्रयोग राज्यभर पसरला नाही, पण वाडीवरचे मूल यंत्राला घाबरत नाही एवढे त्याने दाखवले. उलट बाजूही सांगतो : दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत संगणकावर मुलाच्या पातळीप्रमाणे सराव करून घेतला, तेव्हा काही महिन्यांत गणित चांगलेच सुधारल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे मागे पडलेल्या मुलाला सरावाचे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तेवढ्यावर थांबण्याला. आपल्या मुलांनी आयुष्यभर दुसऱ्याने बनवलेल्या पडद्यावर बरोबर बटण दाबायचे, हीच आपली महत्त्वाकांक्षा आहे का? एमएस-सीआयटीचे सर्टिफिकेट, टायपिंगचे सर्टिफिकेट, आणि मग कुठल्या तरी सेवा केंद्रात दुसऱ्यांचे फॉर्म भरणे. ते काम कमी दर्जाचे नाही, पण ती छताची उंची असू नये.

केरळकडे पाहा. तिथल्या सरकारने 2001 पासून शाळांत संगणक शिक्षण पद्धतशीर बांधले, मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअरवर. पहिली ते चौथीच्या संगणकाच्या पाठ्यपुस्तकाचे नाव आहे 'कळिप्पेट्टी', म्हणजे खेळाची पेटी. सरकारी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'खेळ' हा शब्द छापायला त्यांना लाज वाटली नाही. 2018 पासून हायस्कुलांत 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे गट आहेत. मुले-मुली त्यात ॲनिमेशन करतात, प्रोग्रॅम लिहितात, मल्याळममध्ये संगणक चालवतात. हे कोचीच्या बड्या शाळांपुरते नाही. मुस्लिमबहुल मलप्पुरममध्येही तेच आहे. तिथली हिजाब घातलेली मुलगी ॲनिमेशन बनवते आणि त्यात कोणाला दीन धोक्यात आलेला दिसत नाही. आपल्याला इथे तो कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो?

मदरशात संगणक आला की वर्तमानपत्रात फोटो येतो. राज्य सरकारची मदरशांसाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या नावाची आधुनिकीकरण योजनाही आहे. असू द्या, चांगलेच आहे. पण सच्चर समितीने 2006 मध्येच दाखवले होते की शाळकरी वयाच्या शिकणाऱ्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम 4 टक्के मदरशांत आहेत. उरलेली मुले शाळांत आहेत : महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि आपल्याच संस्थांच्या. तिथल्या कुलपाचा फोटो कोणी छापत नाही. 'मुस्लिम शिक्षण' म्हटले की सरकारला मदरसा दिसतो आणि आपल्या पुढाऱ्यांना आरक्षण. सहावीच्या वर्गात आज दुपारी काय चालले आहे, हे पाहायला दोघांपैकी कोणी येत नाही.

आपल्या संस्थांबद्दल थोडे कडू बोलावे लागेल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 सांगते की शिकणे कृतीतून, शोधातून, मुलाच्या कलाने व्हावे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य द्यायला सांगितले आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असे ठरवले. निकाल लागला तेव्हा आपल्याकडे अनेकांनी आनंद मानला; कलम 30 चा विजय झाला. 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाचा फेरविचार व्हावा असे म्हटले, तर आपण पुन्हा अस्वस्थ. मी कलम 30 चा पक्का समर्थक आहे. पण स्वायत्तता मागताना आपण म्हणतो की आमच्या मुलांना कसे शिकवायचे ते आम्ही ठरवू. ठीक. मग काय ठरवले, ते दाखवा. एवढ्या वर्षांत सरकारी शाळेपेक्षा वेगळे, चांगले, आपल्या मुलांच्या गरजेचे असे आपण वर्गात काय उभे केले? प्रवेशाच्या जागा आणि शिक्षकांच्या नेमणुका यांपलीकडे ही स्वायत्तता वापरली जाते का? तिच्या आडून शिक्षकभरतीत काय चालते हे गल्लीतले शेंबडे पोरही सांगेल, तो विषय आज सोडतो.

शिक्षकांवर सगळे ढकलणेही बरोबर नाही. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणे यात शिक्षकाचा जीव निघतो, आणि त्यावर 'आता स्क्रॅचही शिकवा' म्हणणे सोपे आहे. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या : या कामात शिक्षकाला सगळे आलेच पाहिजे असे नाही. मुले एकमेकांकडून शिकतात. शिक्षकाने 'मलाही येत नाही, बघू या' म्हणायची तयारी ठेवली की पुरे. अडचण कौशल्याची कमी आणि रुबाबाची जास्त आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी काय केले? मुलांच्या घरी कन्नड, पुस्तक वेगळ्या भाषेत. त्यांनी मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि पुस्तकाला क्यूआर कोड चिकटवून आवाज, चित्रे, कविता जोडल्या. 2017 मध्ये बालभारतीने राज्याच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणले, आणि 2020 मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. साधन किरकोळ होते. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांमधली दरी त्यांनी ओळखली, हे मोठे होते.

तीच दरी आपल्याकडे उलट्या बाजूने आहे. उर्दू माध्यमातला आपला मुलगा दूध बाजारात उत्तम कामचलाऊ मराठी बोलतो, आणि मराठीच्या पेपरात गारद होतो. कारण शाळेत मराठी म्हणजे पाठ केलेला निबंध. पुढे पोलीस भरती असो, तलाठ्याची परीक्षा असो, बँक असो, याच मराठीवर तो अडतो, आणि मग आपण भेदभावाची तक्रार करतो. कधी ती खरी असते, कधी तिच्या आत हे अपयश लपलेले असते. आता समजा, आठवीच्या चार मुलींनी स्क्रॅचमध्ये भाजी मंडईचा गेम बनवला. गिऱ्हाईक मराठीत विचारते, 'मेथी कशी दिली?' आणि खेळणाऱ्याने तीन उत्तरांतून योग्य वाक्य निवडायचे. चुकले तर भाजीवाली चिडते. स्क्रॅचमध्ये स्वतःचा आवाज टिपता येतो. तो संवाद लिहायला त्या मुलींना 'दिली, दिला, दिले' हे सगळे तपासावे लागेल, शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलींना विचारावे लागेल, आवाज देण्यासाठी दहा वेळा म्हणून पाहावे लागेल. एवढे मराठी त्यांनी वर्षभराच्या निबंधांत वापरलेले नसते. आणि दोन शाळांच्या मुली एका टेबलाशी बसतील तो फायदा वेगळाच. नाशिकमध्ये आज त्याची किती गरज आहे हे मी सांगायला नको.

कोणी म्हणेल, आमच्या मुलांत ही कल्पकता आहे कुठे? मालेगावच्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. शेख नासिर आणि त्यांच्या दोस्तांनी 2000 साली घरगुती कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' बनवला. पुढे हिरव्या पडद्यासमोर लूम कामगार असलेल्या शफीकला उभे करून त्याला सुपरमॅन म्हणून आकाशात उडवला. कोणी शिकवले नव्हते. करत करत शिकले. फैझा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला, नंतर मुंबईने त्यावर मोठा सिनेमा काढला, तो टोरांटोच्या महोत्सवात गेला. सगळ्या जगाने कौतुक केले. त्याच गावातल्या शाळांत व्हिडिओ जोडणे, आवाज चढवणे, चित्र हलवणे हे विषय म्हणून कुठे आहेत? आणि खुद्द लूम! 1804 मध्ये फ्रान्सच्या जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी मागाला नक्षी 'सांगण्याची' युक्ती काढली. तीच बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. येवल्यात पैठणीची नक्षी आजही आलेखाच्या कागदावर चौकट-चौकट भरून मांडतात. संगणकाचा पडदाही चौकटींचाच असतो. ज्या जिल्ह्यात आजोबा मागावर बसत आले, तिथल्या नातवाला हे नाते शाळेत कोणी दाखवू नये, याला मी दारिद्र्य म्हणतो, आणि ते पैशाचे नाही.

मुलींचा प्रश्न सर्वांत शेवटी आला, कारण तो सर्वांत अवघड आहे. मुलाला ओट्यावर तरी फोन मिळतो. मुलीच्या हातात तो आला की घरात चौकशी सुरू होते : कोणाशी बोलतेस, काय बघतेस. सातवी-आठवीनंतर शाळा सुटली की यंत्राशी तिचा संबंध भावाच्या मर्जीवर. तिच्यासाठी शाळेचा तो कुलूपबंद कक्ष हीच एक जागा आहे जिथे घरच्यांना धाक वाटत नाही, बाई समोर असतात, आणि इंटरनेट नसले तरी काम चालते. म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. मालेगावात जुम्म्याला लूम बंद असतात, घरात माणसे असतात, लहान भावंडांना कोणी तरी पाहू शकते. जुम्म्याच्या नमाजनंतर दोन तास तो कक्ष फक्त मुलींसाठी उघडा. शाळेत असलेल्या आणि सुटलेल्या, दोघींसाठी. एक बाई, दहा मशिनी, फुकटचे सॉफ्टवेअर. मशीन बिघडली तर बिघडू द्या; दुरुस्त करायलाही मुलीच शिकतील. नाशिकमध्ये वार वेगळा ठेवा. येत्या जूनमधल्या पालक सभेत गणवेशाचा रंग आणि व्हॅनचे भाडे यांच्याआधी हा विषय घ्या, आणि मुख्याध्यापकांना तिथेच विचारा, किल्ली कुठे आहे.